जुन्या धन्याविषयी दोन ओळी

नोकरीच्या अर्जात पूर्वीच्या धन्याविषयी काय लिहावे, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. परंतु सत्य आणि कृतज्ञता या दोहोंची तेथे एकाच वेळी परीक्षा होत असते.

मागे आमच्या परिचयाचा एक तरुण आपला अर्ज आम्हांस दाखवावयास आला. म्हापशातील एका किराणा पेढीवर त्याने दोन वर्षे हिशेब लिहिले होते. अखेरचे तीन महिने वेतन थकले, म्हणून त्याने ती पेढी सोडली. अर्जाचे मसुदे तीन होते. पहिल्यात पेढी ‘अग्रगण्य व्यापारी संस्था’ झाली होती आणि हा तिचा व्यवस्थापक. दुसऱ्यात थकलेल्या पगाराची सारी कैफियत होती. तिसऱ्यात ती दोन वर्षेच गाळली होती. यांतला कोणता पाठवावा, असे त्याने विचारले.

आम्हांस विराटपर्व आठवले. अज्ञातवासासाठी पांडव विराटाच्या दारी चाकरी मागावयास गेले, तेव्हा पूर्वी कोठे होता, हे त्यांनाही सांगावे लागले. भीमाने आपण युधिष्ठिराचा आचारी असल्याचे सांगितले, नकुलाने त्याचे घोडे सांभाळल्याचे, सहदेवाने त्याच्या गाई राखल्याचे. त्यांची नावे खोटी होती. पण ती वनवासाच्या अटीपायी, आणि ती सवलत आपणांस नाही. अंगची विद्या मात्र खरी होती. शिवाय ज्याने द्यूतात त्यांनाच पणास लावले, त्याच्याविषयी विराटापुढे त्यांनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. भीमाचा रोष नव्हता काय? होता, पण तो त्याने भर द्यूतसभेत आणि वनात, थोरल्या भावाच्या तोंडावर बोलून दाखविला होता. गाऱ्हाण्याला जागा असते. विराटाचे दार ही ती जागा नव्हे.

“म्हणजे खाल्ल्या मिठासाठी माझे तीन महिने सोडून द्यावयाचे?” तरुणाने विचारले. तसे मुळीच नाही. जे मीठ त्याने खाल्ले, ते त्याच्याच घामाचे होते. नव्या धन्याने नोकरी सोडण्याचे कारण विचारलेच, तर ‘वेतन थकले’ एवढे दोन शब्द निःसंकोच सांगावेत. कृतज्ञता असत्य बोलावयास सांगत नाही. पण अर्ज ही आपल्या कामाची साक्ष आहे, धन्यावरचा निवाडा नव्हे. पेढी फुगविली तर ती साक्ष खोटी ठरते. वर्षे गाळली तर आपण आपलेच श्रम नाकारतो.

अखेर त्याने दोनच ओळी लिहिल्या: पेढीचे खरे नाव व काळ, आणि रोजमेळ व खतावणी लिहिली, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरली. त्यांत स्तुती नव्हती, निंदाही नव्हती.

दुसरा मसुदा मात्र आम्ही त्यास फाडू दिला नाही. तो घेऊन तो त्याच आठवड्यात कामगार आयुक्तांच्या कचेरीत गेला.