महाल आणि मान

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले; सौंसर-रामाकोन्याकडील मराठी माणूस मात्र मध्य प्रदेशातच राहिला. त्याच वेळी मध्य भारत विलीन होऊन ग्वाल्हेरही या राज्यात आले. तेव्हापासून शिंद्यांचा जयविलास महाल आम्हां रामाकोनेकरांच्याही राज्यातला झाला. आपल्या माणसांच्या वैभवाचा अभिमान वाटावा हे स्वाभाविकच. परंतु तो नेमका कशाचा, हे तपासणे हेही आपलेच कर्तव्य होय.

जयाजीराव शिंद्यांनी हा महाल १८७४ साली पुरा केला. आराखडा मायकेल फिलोस यांचा, धाटणी युरोपीय. दरबारच्या दालनात दोन प्रचंड झुंबरे आहेत. ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याचे बळ अजमावले, असे सांगतात. १८७६ मध्ये येथे इंग्लंडच्या युवराजाचे स्वागत झाले.

या साऱ्या थाटाच्या काळात जवळच्या टेकडीवरचा किल्ला मात्र शिंद्यांच्या हाती नव्हता. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे ग्वाल्हेरवर आले, शिंद्यांची फौज त्यांना मिळाली आणि जयाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला आग्र्यास गेले. राणी ग्वाल्हेरातच धारातीर्थी पडली. इंग्रजांनी जयाजीरावांस गादीवर पुन्हा बसविले, पण किल्ल्यात आपली फौज ठेवली. तो परत मिळाला १८८६ मध्ये, आणि तोही झाशी देऊन!

जयाजीराव त्या वेळी पंचविशीच्या आतले होते. आश्रय घेतला नसता तर राज्य उरले असते काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि निवाड्याची घाई आम्हांस करावयाची नाही. परंतु राज्य राखणे आणि मान राखणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. गेलेला मान झुंबरांच्या उजेडाने भरून निघतो, असे मात्र आम्हांस वाटत नाही.

म्हणून काय त्या शिल्पाकडे पाठ फिरवावी? मुळीच नाही. दगड घडविणाऱ्या हातांनी कोणाचा आश्रय घेतला नव्हता. त्यांची कारागिरी निर्दोष आहे. १९६४ पासून महालाच्या एका भागात संग्रहालय आहे आणि सामान्य माणूस तेथे जाऊ शकतो. त्याने महाल डोळे भरून पाहावा, आणि मग त्याच गावातील राणीच्या समाधीपाशीही जावे. एक स्थळ पाहून दुसरे टाळणाऱ्यास ग्वाल्हेरचा इतिहास अर्धाच कळेल.