दार कोणी उघडले?

परवा धाकट्याच्या हातून आमच्या कागदांवर चहा सांडला आणि आमचा हात उठला. मागाहून आम्ही घरात म्हणालो, "रागापुढे इलाज नव्हता." वाचकहो, ही सबब खरी आहे काय? एका शेवाळाने हा प्रश्न आमच्यापुढे नव्याने उभा केला आहे.

क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवे शेवाळ होय. त्याला प्रकाश कळतो तो चॅनलरोडॉप्सिन नावाच्या प्रथिनामुळे. पेशीच्या पातळ पडद्यात हे प्रथिन सात पिळदार खांबांसारखे उभे असते. खांबांच्या मधोमध 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारा रेटिनल हा रेणू जखडलेला असतो. अंधारात तेथली वाट बंद असते. निळा प्रकाश पडताच रेटिनलचा आकार बदलतो, खांब किंचित सरकतात, आणि मोकळ्या झालेल्या वाटेने विद्युतभारित कण आत शिरतात. प्रकाश गेला की क्षणार्धात दार लागते. नागेल, हेगेमान, बांबेर्ग व सहकाऱ्यांनी २००२ व २००३ साली जर्मनीत हे कार्य उघड केले. २०१२ साली स्फटिकांच्या साह्याने अशा प्रथिनाची घडणही कळली.

२००५ साली हेच दार मज्जापेशींत बसवण्यात आले आणि प्रकाशाच्या इशाऱ्याने त्या पेशी कामाला लागल्या. पुढे २०११ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूतील एका लहानशा भागात असाच प्रकाश सोडला. तेव्हा उंदीर समोरच्या निर्जीव हातमोज्यावरही तुटून पडला!

येथे दोष कोणाचा? उंदराचा खचित नव्हे. दाराचाही नव्हे, कारण दाराला भले-बुरे कळत नाही. जबाबदारी दिवा धरणाऱ्याची. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात याच जातीच्या प्रथिनाचे जनुक एका अंध गृहस्थाच्या डोळ्यात पोहोचवले गेले होते, आणि खास चष्मा लावून तो टेबलावरच्या वस्तू शोधू व मोजू लागला. दार त्याच जातीचे. हेतू मात्र निराळा.

मग आमचे काय? आमच्या मेंदूतही असंख्य दारे उघडतात व मिटतात. त्यांवाचून राग येत नाही, तशी दयाही येत नाही. परंतु दार कसे उघडते हे कळल्याने केलेले कृत्य योग्य होते की नाही, हे ठरत नाही. ज्याच्या मेंदूलाच आजार जडला आहे, त्याचा न्याय करण्याची घाई आपण करू नये. पण आम्ही निरोगी होतो, आणि आमच्या डोक्यात कोणी दिवा धरला नव्हता. राग आणि हात यांच्यामध्ये एक क्षण होता. तो लहान होता, पण होता. आणि त्या क्षणाचा जाब आम्हांलाच द्यायचा आहे.

त्या रात्री आम्ही धाकट्याच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, "बाळा, चूक आमची होती."