ठेव

आमची आज्जी निपाणीजवळच्या एका खेड्यात राहायची. तिच्या फडताळात गल्लीतल्या बायकांच्या पुरचुंड्या असत. कुणाची बोरमाळ, कुणाचे बिल्वर. एकदा एकीचा नवरा आला, "तिची बोरमाळ द्या, नड आहे." त्या काळी नवऱ्याचा हक्क कोण नाकारणार? आज्जी नाही म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. "तिला निरोप धाडते. ती येऊ दे, मग बघू." तो पाय आपटत गेला.

ही गोष्ट आठवली ती २०२५ च्या मे महिन्यात. भाचीचा बॉस्टनहून फोन आला. तिकडे शिकते ती. त्या दिवसांत हार्वर्डचं प्रकरण पेटलं होतं. सरकारनं एप्रिलमध्ये विद्यापीठाकडे परदेशी मुलांची माहिती मागितली, विद्यापीठानं काही दिली, ती अपुरी म्हणून २२ मेला परदेशी मुलं घेण्याची परवानगीच काढून घेतली. ती परत हवी तर ७२ तासांत काय काय द्या, त्या यादीत निदर्शनांमधल्या परदेशी मुलांचं पाच वर्षांतलं चित्रीकरणही होतं. दुसऱ्याच दिवशी कोर्टानं स्थगिती दिली हे खरं. पण भाची, जी हार्वर्डची नाही आणि कधी मोर्चात गेली नाही, ती विचारत होती, "मावशी, आमच्या कॉलेजकडे माझं काय काय असेल गं?"

मार्क, फी, पत्ता, हजेरी, एखादी तक्रार. पोरगी चार वर्षांत किती कागद देते, तिलाही आठवत नाही.

तिथं १९७४ पासून कायदा आहे, फर्पा म्हणतात. विद्यार्थ्याच्या संमतीवाचून नोंदी बाहेर द्यायच्या नाहीत. कोर्टाचा हुकूम किंवा समन्स आलं तर देता येतात, मात्र आधी विद्यार्थ्याला कळवायचं, म्हणजे त्याला कोर्टात हरकत घेता येते. वाचलं आणि म्हटलं, ही तर आमची आज्जीच! पण पळवाटाही आहेत. काही फौजदारी चौकशांत कोर्ट 'कळवू नका' असं सांगू शकतं. आणि परदेशी विद्यार्थी आय-२० नावाच्या कागदावर सही करतो, तेव्हाच व्हिसाच्या तपासणीसाठी लागणारी माहिती सरकारला द्यायला तो संमती देऊन बसतो. भाचीनं सही केली होती. वाचली नव्हती. व्हिसाच्या घाईत कोण वाचतं?

आता कुणी म्हणेल, मग काय सगळंच दडवायचं? नाही. एखाद्या मुलीला छळणाऱ्या पोराची नोंद कोर्टानं मागितली, तर ती कॉलेजनं दडवावी असं मी तरी म्हणणार नाही. मागणीच चूक असं नसतं. पण ठेव ज्याची, त्याच्या पाठीमागे फडताळ उघडायचं नाही. आणि मागितलंय तेवढंच द्यायचं, सगळी पुरचुंडी नाही.

आपल्यात सत्याणुव्रताच्या अतिचारांत रहोभ्याख्यान सांगितलंय, दुसऱ्याची खासगी गोष्ट उघड करणं. मला लहानपणी नवल वाटायचं. खोटं तर बोललो नाही, मग सत्याला डाग कसा? आता कळतं. नोंदवहीतलं सगळं खरंच असतं. म्हणून तर भीती.

१९६६ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका चौकशी समितीनं मिशिगन विद्यापीठाला समन्स धाडलं. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या संघटनांच्या याद्या हव्या होत्या. विद्यापीठानं ६५ जणांची नावं दिली. पुढच्या वर्षी तिथल्या अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशननं विद्यापीठांना सल्ला दिला, अशा सभासदयाद्या ठेवूच नका. मला हे फार पटलं. फडताळात नसेल ते कोण मागणार?

जूनमध्ये धाकट्याचा प्रवेश अर्ज भरायला मी सोबत गेले. उत्पन्न, जात, आधार, दोन मोबाइल नंबर, रक्तगटसुद्धा. खिडकीतल्या माणसाला विचारलं, "हे सगळं कुणी मागायला आलं तर आधी आम्हाला कळवता का हो?"

तो क्षणभर बघतच राहिला. "काकू, असं आजवर कुणी विचारलं नाही," म्हणाला, आणि अर्ज गठ्ठ्यावर ठेवला.