गंजलेला बोल्ट आणि फळाचा त्याग

कामातली हयगय झाकायला आपल्याकडे गीतेचा आधार फार लवकर घेतला जातो. आपण आपलं काम करावं, पुढचं तो बघून घेईल, असं म्हणून दुसऱ्या अध्यायातल्या ४७व्या श्लोकाकडे बोट दाखवलं की बोलणं खुंटतं. निष्काम कर्माचा हा अर्थ मला मुळातच चुकीचा वाटतो. तो तपासायचा तर प्रवचनाच्या मंडपापेक्षा नांदेड-लातूर रस्त्याकडेचं एखादं गॅरेज बरं, कारण तिथे शब्दांवर भागत नाही. शेतात, बांधावर, कच्च्या रस्त्यावर राबलेली जीप किंवा बोलेरो पिकअप सस्पेन्शनच्या कामाला येते, तेव्हा नवा बुश बसवण्यापेक्षा जुना बोल्ट काढण्यातच जीव मेटाकुटीला येतो.

सस्पेन्शनच्या पाट्याच्या टोकाला रबरी बुश असतो, बुशाच्या आत लोखंडी नळी आणि नळीतून आरपार बोल्ट. नळी आणि बोल्ट यांच्यात फट असते ती अगदी नावापुरती. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे लोखंड गंजायला ओल कुठली, असं कुणालाही वाटेल. पण इथली काळी जमीन पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात गाडीच्या पोटाशी थापला गेलेला चिखल वरून वाळतो, आत ओलाच राहतो. ती ओल फटीत शिरते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे फट भरून बोल्ट नळीतच आवळला जातो. मग नट सुटतो, काम झालंसं वाटतं. बोल्टच्या डोक्याला पाना लावला की तो थोडा फिरतो आणि हात सैल सोडताच जागेवर परत येतो. खरं तर बोल्ट सुटा फिरलेलाच नसतो. त्याच्यासोबत नळी फिरली, रबर पिळलं गेलं आणि त्या पिळानं दोघांना मागे ओढलं.

या क्षणी माणूस काय करतो, ते अठराव्या अध्यायात जणू आधीच मांडून ठेवलं आहे. २३ ते २५ या श्लोकांत कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचं बळ यांचा विचार न करता मोहापोटी आरंभलेलं ते तामस. आल्या आल्या गॅसची ज्योत लावणं हे त्यातलंच: रबर जळतं, शेजारून ब्रेकचा पाइप गेलेला असतो तो धोक्यात येतो. अहंकारानं आणि अतोनात आटापिटा करून केलेलं ते राजस. पान्याला लांब पाइप जोडून सगळं अंग टाकायचं, आणि बोल्टचं डोकंच तुटून हातात यायचं. तिसरी रीत संथ आहे. तारेच्या ब्रशनं चिखल आणि गंज खरवडायचा, सांध्यात तेल सोडून रात्रभर थांबायचं, आटे चेपू नयेत म्हणून नट टोकाशी परत चढवून मग ठोके द्यायचे. तरीही हलला नाही, तर बुशाच्या दोन्ही बाजूंनी बोल्ट कापायचा. कापणं ही हार नव्हे. आपलं बळ किती ते ओळखणं त्याच श्लोकांत अभिप्रेत आहे.

म्हणजे जो ग्रंथ फळाची आशा सोडायला सांगतो, तोच परिणामाकडे पाठ फिरवणाऱ्याला तामस ठरवतो. या दोन्ही गोष्टी एकत्र उभ्या राहतात त्या एकाच अर्थानं: फळ म्हणजे माझ्या पदरात पडणारं, परिणाम म्हणजे माझ्या हातून जगात घडणारं. पहिल्यावरचा हक्क सोडायचा, दुसऱ्याची जबाबदारी सोडायची नाही. नवा बोल्ट बसवताना त्याच्या दांड्याला ग्रीसचा पातळ हात देणारा फिटर नेमकं हेच करतो. तो बोल्ट पुन्हा उघडेल तो कित्येक वर्षांनी. तोवर गाडी विकली जाऊन देगलूरला किंवा उदगीरला गेली असेल, पाना दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल. ग्रीस बाहेरून दिसत नाही, बिलात धरलं जात नाही. टिळकांनी गीतारहस्यात कर्मापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला वरचं स्थान दिलं, त्याचा इतका उघड दाखला मला दुसरा सापडत नाही.

यावर कुणी म्हणेल, ही नाव कमावण्याचीच लांबची वाट आहे. तसं असतं तर मेहनत डोळ्यांना दिसेल अशा जागी गेली असती. दुसरा आक्षेप जाणकाराचा आहे आणि तो वजनदार आहे: आट्यांना ग्रीस लागलं तर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, आणि साधं ग्रीस रबराला लागलं तर रबर फुगतं. अगदी बरोबर. म्हणून ग्रीस दांड्याला, नळीच्या आत. आट्यांना कंपनीच्या पुस्तकात सांगितलं असेल तरच. नुसता सद्भाव पुरत नाही, ज्ञान लागतं. परिणामाची जबाबदारी घ्यायची तर तो कसा घडतो हे शिकणं त्या जबाबदारीतच आलं.

गॅरेजच्या कामाला धर्म म्हणणं जास्तीचं वाटत असेल, तर या भूमीचाच इतिहास पाहावा. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात महात्मा बसवण्णांच्या शरणांमध्ये चांभार हरळय्या होते, धोबी माचिदेव होते, नावाडी चौडय्या होते. कायक म्हणजे श्रम आणि दासोह म्हणजे वाटून देणं, हे दोन्ही त्यांनी जोडीनं मांडले. श्रमातून आलेलं इतरांपर्यंत पोचल्याशिवाय कायक पुरं होत नाही. नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला. त्यांच्या पंथात कष्टाची कमाई आणि ती वाटून खाणं हे नामस्मरणाच्या बरोबरीनं येतं. पुढच्या अनोळखी फिटरसाठी लावलेलं ग्रीस मी याच वाटून खाण्यात धरतो.

सगळ्यात अवघड आक्षेप पोटाचा आहे. फिटरला कामामागे पैसे मिळतात; गाडी रात्रभर तेल मुरत उभी राहिली तर दुसरी गाडी घ्यायला जागा उरत नाही. हे मला मान्य आहे, आणि इथे फिटरला उपदेश करणं अन्यायाचं होईल. ग्रीसला दोन मिनिटं पुरतात, मुरवायला रात्र लागते, आणि त्या रात्रीचे पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न गाडीमालकाच्या दारात येतो. सोयाबीनच्या काढणीत किंवा उसाच्या हंगामात त्याचीही ओढाताण असते, तीही खरी. पण संध्याकाळपर्यंत गाडी हवीच म्हणणारा मालक त्या ज्योतीत आणि त्या लांब पाइपात वाटेकरी असतो. हंगाम सुरू होण्याआधी गाडी दाखवणं, एक दिवस ती सोडणं आणि मुरवण्याच्या वेळेची मजुरी घासाघीस न करता देणं, एवढं कर्म त्याच्या वाट्याचं आहे.