उंबरठ्यावरचा सोबती



जुमाच्या दिवशी आपल्यापैकी अनेक जण सूरह अल-कहफचे पठण करतात. आपला ईमान वाचवण्यासाठी घरदार सोडून गुहेत आश्रय घेणाऱ्या त्या तरुणांची हकिगत आपणा सर्वांना ठाऊक आहे. अल्लाहने त्यांना तेथे निद्रिस्त केले आणि ते त्या गुहेत तीनशे वर्षे व त्यावर आणखी नऊ वर्षे राहिले (१८:२५). परंतु पठण करताना एका गोष्टीपाशी आपण क्वचितच थांबतो. त्या गुहेच्या उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून त्यांचा कुत्रा बसलेला होता, हेही अल्लाहने आपल्याला सांगितले आहे (१८:१८). पुढे त्या तरुणांच्या संख्येविषयी लोक जे अंदाज बांधतात त्यांचा उल्लेख येतो, तेव्हा प्रत्येक वेळी कुत्राही मोजला जातो. तीन होते तर चौथा कुत्रा, पाच होते तर सहावा कुत्रा, सात होते तर आठवा कुत्रा (१८:२२).

जरा विचार करा. त्या तरुणांची नावे दिव्य कुरआनने सांगितलेली नाहीत. त्यांच्या नगराचे नाव सांगितलेले नाही. त्यांची खरी संख्या आपला पालनकर्ताच अधिक जाणतो, एवढेच सांगून तो विषय मिटवला आहे. त्या कुत्र्याचा उल्लेख मात्र चार वेळा केला आहे. अंतिम दिवसापर्यंत नमाजमध्ये, हिफ्जच्या वर्गात आणि घराघरांतील पठणात त्या मुक्या जनावराचा उल्लेख होत राहणार आहे. त्याने काय केले होते? तो भल्या माणसांची सोबत धरून चालत राहिला आणि जेथे ते थांबले त्या दाराशी बसून राहिला.

हा विषय आज लिहावासा वाटला त्याला एक कारण आहे आणि ते माझ्या स्वतःच्या चुकीचे आहे. गेल्या मे महिन्यात जुहरच्या नमाजनंतर मी मस्जिदीबाहेर पडलो. वुजूचे पाणी ज्या नालीतून बाहेर वाहते तेथे एक कुत्री ओल चाटत उभी होती. तिची पिल्ले भिंतीच्या सावलीत पडली होती. मी सवयीने वाकलो, दगड उचलला आणि भिरकावला. दगड तिला लागला नाही, पण ती पळाली. माझ्या मागून सात-आठ वर्षांचा एक मुलगा येत होता. त्याने विचारले, "चाचा, तिला पाणीच प्यायचं होतं ना?" मी त्याला सांगितले की कुत्रा नापाक असतो. तो गप्प झाला. घरी पोहोचेपर्यंत मात्र माझ्या ध्यानात आले की त्याने जे विचारले होते त्याचे उत्तर मी दिलेच नव्हते.

शुद्धतेचा नियम आपल्या जागी आहे आणि त्यात कसलीही शंका नाही. कुत्र्याने भांड्यात तोंड घातले तर ते भांडे सात वेळा धुवावे आणि त्यांपैकी एकदा मातीने घासावे, अशी आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई मतानुसार चालतात आणि त्या मतात कुत्र्याचे संपूर्ण शरीर अशुद्ध मानले जाते. हनफी मतानुसार त्याची लाळ अशुद्ध आहे. मालिकी विद्वानांनी जिवंत कुत्र्याला शुद्ध मानले आणि भांडे धुण्याच्या आज्ञेला उपासनेचा भाग मानले. शिकार, गुरांची राखण आणि शेतीची राखण या गरजांसाठी कुत्रा पाळण्यास परवानगी आहे. विनाकारण पाळणाऱ्याचे पुण्य रोज घटते, अशी ताकीदही हदीसमध्ये आहे. हे सर्व नियम आपण पाळतो आणि पाळलेच पाहिजेत. परंतु या नियमांनी आपल्याला पाणी आणि माती हाती घ्यायला सांगितले आहे, दगड नव्हे. अशुद्धता धुण्याची गोष्ट आहे, द्वेषाची नव्हे. आपल्याही शरीरातून अशुद्ध गोष्टी निघतात. त्यामुळे आपण वुजू व गुसल करतो, स्वतःचा तिरस्कार करत नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर चौदा शतकांपूर्वी दिले गेले आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती हदीस आहे. एक माणूस वाटेने चालला होता. त्याला अतिशय तहान लागली. त्याला एक विहीर दिसली. तो आत उतरला, पाणी प्यायला आणि वर आला. वर पाहतो तो एक कुत्रा तहानेने धापा टाकत ओली माती चाटत होता. त्या माणसाच्या मनात आले की मघाशी जी अवस्था माझी होती तीच आता याची आहे. तो पुन्हा विहिरीत उतरला. आपल्या चामडी मोज्यात पाणी भरले, तो मोजा दातांत धरला, वर चढून आला आणि कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याच्या या कृत्याची कदर केली आणि त्याला क्षमा केली. सहाबांनी (रजि.) आश्चर्याने विचारले की जनावरांच्या बाबतीतही आम्हाला मोबदला आहे काय? तेव्हा पैगंबरांनी (स.) सांगितले की प्रत्येक सजीवाच्या सेवेत मोबदला आहे. दुसऱ्या एका हदीसमध्ये बनी इस्राईलमधील एका वेश्येचा प्रसंग आहे. विहिरीभोवती घिरट्या घालणाऱ्या तहानलेल्या कुत्र्याला तिने आपल्या पादत्राणातून पाणी पाजले आणि तिलाही क्षमा मिळाली.

वाचकहो, या हदीसचा उल्लेख आपण सहसा भूतदयेचा धडा म्हणून करतो. तो धडा त्यात आहेच. पण माझ्या मते या हदीसमधील खरी विस्मयाची बाब तो माणूस नाही, तो कुत्राही नाही. विस्मयाची बाब आहे ती अल्लाहची कदर. आकाश व पृथ्वीचा स्वामी, ज्याला कोणाचीही गरज नाही, तो निर्जन वाटेवर दिल्या गेलेल्या ओंजळभर पाण्याची दखल घेतो. ज्या प्राण्याचे तोंड लागले तर आपण भांडे सात वेळा धुतो, त्याच प्राण्याची तहान त्याच्या नजरेत इतकी मोलाची आहे की ती भागवणाऱ्याचे आयुष्यभराचे अपराध तो माफ करतो. आपण ज्याला हाकलतो त्याचीही तो काळजी वाहतो. मग जे त्याच्यापुढे कपाळ टेकवतात आणि रात्रीच्या अंधारात त्याला हाक मारतात, त्यांच्यावर त्याचे प्रेम किती असेल!

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अल्लाहसारखी कोणतीही वस्तू नाही (४२:११). एखाद्या प्राण्याचा लळा पाहून आपण अल्लाहच्या प्रेमाचे मोजमाप करू शकत नाही. परंतु ते प्रेम कोठून आले, हे मात्र विचारू शकतो. पैगंबरांनी (स.) सांगितले आहे की अल्लाहने दयेचे शंभर भाग केले. त्यांपैकी नव्याण्णव आपल्यापाशी ठेवले आणि एक पृथ्वीवर उतरवला. त्या एका भागामुळेच सर्व जीव एकमेकांवर दया करतात. घोडी आपल्या शिंगराला इजा होऊ नये म्हणून खूर उचलून धरते, तेही त्या एका भागामुळेच.

माझ्या आजोबांच्या वाडीत राखणीचा एक कुत्रा होता. घरात त्याला कधी प्रवेश नव्हता. अंगणाच्या कडेला, नारळाच्या झाडाखाली त्याची जागा ठरलेली होती आणि त्याचे भांडे वेगळे होते. आजोबा फजरला निघाले की तो मस्जिदीच्या वळणापर्यंत त्यांच्याबरोबर जाई आणि ते परत येईपर्यंत तेथेच बसून राही. ज्या दिवशी त्याला खायला मिळत नसे त्या दिवशीही तो वळणावर बसलेला असे. आजोबा म्हणत, "हा माझी वाट बघतो, पण मी माझ्या मालकाची अशी वाट बघतो का, हे मला रोज विचारावं लागतं." तेव्हा मला ते बोलणे समजले नव्हते. आज समजते की त्या वळणावर बसलेल्या जनावराच्या डोळ्यांत जी माया होती ती त्याने स्वतः निर्माण केलेली नव्हती. ती त्या शंभरांपैकी एका भागाचा अंश होती, आणि तो एक भाग पहिल्या जिवापासून शेवटच्या जिवापर्यंत सर्वांमध्ये वाटला गेला आहे. आईची माया, मित्राची निष्ठा, मुक्या जनावराचा लळा, हे सारे त्यातच आले. नव्याण्णव भाग अजून शिल्लक आहेत. ते अंतिम दिवसासाठी राखून ठेवले आहेत. ज्याचा एक अंश पाहून आपले मन भरून येते, त्या अल-वदूदच्या, त्या प्रेमळ स्वामीच्या कृपेविषयी आपण निराश कसे होऊ शकतो?

कुत्र्याच्या सोबतीतून मिळणारा दुसरा धडा आपल्या बंदगीविषयी आहे. सूरह अल-माइदामध्ये अल्लाहने प्रशिक्षित शिकारी प्राण्यांनी पकडलेली शिकार वैध ठरवली आणि त्या प्राण्यांना तुम्ही जे शिकवता ते अल्लाहनेच तुम्हाला शिकवलेल्या ज्ञानातून शिकवता, याची आठवण करून दिली (५:४). आदी बिन हातिम (रजि.) यांनी याविषयी विचारले असता पैगंबरांनी (स.) एक खूण सांगितली. अल्लाहचे नाव घेऊन सोडलेल्या कुत्र्याने शिकार पकडून तुमच्यासाठी ठेवली तर ती खा, परंतु त्याने स्वतः त्यातील काही खाल्ले असेल तर ती खाऊ नका, कारण त्याने ती स्वतःसाठी पकडली असण्याची भीती आहे. प्राणी तोच, धाव तीच, शिकारही तीच. फरक एवढाच की ती कोणासाठी पकडली. आपल्या नमाजला, दानधर्माला, हजला हीच कसोटी लावून पाहा. देणगी देताना फलकावर नाव यावे अशी इच्छा झाली, तर ती शिकार आपण कोणासाठी पकडली? भूक लागलेली असताना तोंडातली शिकार मालकासाठी राखणारा तो प्राणी आपल्याला इख्लासचा अर्थ शिकवून जातो.

दिव्य कुरआनात कुत्र्याचे आणखी एक चित्र आहे आणि ते भय वाटावे असे आहे. ज्याला अल्लाहने आपल्या वचनांचे ज्ञान दिले होते, परंतु जो ते सोडून वासनेमागे लागला आणि जमिनीला चिकटून राहिला, त्याला अशा कुत्र्याची उपमा दिली आहे की ज्याला हाकला तरी तो जीभ काढून धापा टाकतो आणि सोडून द्या तरीही धापाच टाकतो (७:१७६). ही उपमा कुत्र्याच्या निंदेसाठी नसून ज्ञान असूनही लोभ न सोडणाऱ्या माणसासाठी आहे. कुत्र्याची धाप हा त्याचा स्वभाव आहे, त्याबद्दल त्याचा हिशेब होणार नाही. आपली धाप ही आपली निवड आहे आणि तिचा हिशेब होणार आहे. एका बाजूला ज्ञानी असून घसरलेला माणूस आहे आणि दुसऱ्या बाजूला अज्ञान असून उंबरठा न सोडणारा कुत्रा आहे. दोघेही एकाच ग्रंथात आहेत. आपले स्थान कोठे आहे, हे ज्याने त्याने ठरवायचे आहे.

सूरह अल-कहफमध्ये त्या तरुणांच्या हकिगतीनंतर लगेचच अल्लाहने आज्ञा दिली आहे की जे सकाळ-संध्याकाळ आपल्या पालनकर्त्याला त्याच्या प्रसन्नतेसाठी पुकारतात, त्यांच्या सोबतीत स्वतःला संयमाने टिकवून ठेवा (१८:२८). कुत्र्याच्या उल्लेखानंतर काही आयतींनी आलेली ही आज्ञा वाचली की मन हेलावते. सदाचारी माणसांची सोबत मुक्या जनावरालाही सन्मान मिळवून देते, मग ईमान असलेल्या माणसाला काय मिळणार नाही? आपण आत जाण्यास योग्य नाही असे वाटत असेल, पापांचे ओझे जड वाटत असेल, तरी निदान उंबरठा सोडू नका. त्या दाराचा स्वामी दगड मारणारा नाही. जो त्याच्याकडे चालत येतो त्याच्याकडे तो धावत येतो, असे त्यानेच आपल्या पैगंबरांच्या (स.) मुखातून आपल्याला कळवले आहे.

त्या मुलाला मी पुढच्या जुमाला शोधले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी चुकीचे दिले होते, हे त्याला सांगितले. मग आम्ही दोघांनी मिळून मस्जिदीच्या कुंपणाबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांना शिंतोडे लागणार नाहीत अशा बेताने, मातीचे एक पसरट भांडे ठेवले. ते रोज भरण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले आहे. पहिल्या दिवशी ती कुत्री मला पाहून लांब उभी राहिली. मी मागे सरलो तेव्हा ती पुढे आली. तिला माझ्या हातातला दगड आठवत असावा. मलाही तो आठवतो, आणि आठवत राहावा अशीच माझी इच्छा आहे.

या उन्हाळ्यात आपल्या दाराबाहेर, दुकानासमोर, शेताच्या बांधावर पाण्याचे एक भांडे ठेवा. शुद्धतेचे सर्व नियम पाळा, हात धुवा, कपडे सांभाळा, पण पाणी ठेवा. कोणते कृत्य अल्लाहला आवडेल आणि आपल्या क्षमेचे निमित्त ठरेल, हे आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नाही.

हे अल्लाह, आमच्या हातांतील दगड गळून पडू दे आणि त्यांत पाणी दे. आमची प्रत्येक कृती केवळ तुझ्यासाठी असू दे. तुझा उंबरठा आमच्याकडून कधीही सुटू देऊ नकोस. ज्या दिवशी तुझ्या दयेचे नव्याण्णव भाग खुले होतील, त्या दिवशी आम्हालाही त्यांच्या सावलीत घे. आमीन.