‘मंग मी काहून भरले?’

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या आठवडाभर आधी, बाबांच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. गृहकर्जाच्या खात्यात चारशे रुपये जमा झाले होते. संध्याकाळी कुंपणापलीकडून शेजारच्या काकांनी सहज सांगितलं, त्यांच्या खात्यात आठशे आले. बाबा घरात येऊन खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, “त्याहिनं सहा महिने हप्ता भरला नाही, त्याहिले आठशे. मी एकबी चुकवला नाही, मले चारशे. मंग मी काहून भरले?”

तेव्हा ऑफिस बंद असल्यामुळे मी सेलूलाच होतो, समोर लॅपटॉप उघडा होता. तरी मला उत्तर देता आलं नाही. पाच वर्षं होत आली, हा प्रश्न डोक्यातून गेलेला नाही.

आधी ते पैसे कशाचे होते ते सांगतो. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने कर्जदारांना हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. आधी तीन महिने, मग मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. हप्ता थांबला, पण व्याज थांबलं नाही. दर महिन्याचं न भरलेलं व्याज मुद्दलात मिसळत गेलं आणि त्यावर पुन्हा व्याज चढलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. सुनावणी चालू असतानाच, ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर या सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज सरकार भरेल. आणि ज्यांनी हप्ते वेळेवर भरले, त्यांनाही तेवढीच रक्कम मिळेल. रक्कम थकलेल्या कर्जाच्या प्रमाणात होती. बाबांचं सहा लाख उरलं होतं, काकांचं बारा. म्हणून चारशे आणि आठशे.

दोघांनी एकाच लेआउटमध्ये प्लॉट घेऊन घरं बांधली. बाबा शाळेत शिक्षक. काकांची स्कूल व्हॅन, सेलूहून वर्ध्याला पोरं ने-आण करायची. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. बाबांचा पगार चालू राहिला, काकांची व्हॅन अंगणात उभी राहिली, टायर जमिनीला टेकेपर्यंत.

म्हणजे बाबांनी हप्ते भरले यात त्यांचा शिस्तीचा वाटा किती आणि नशिबाचा किती? हा प्रश्न मी त्यांना तेव्हा विचारला असता तर ते दुखावले असते. आणि त्यांचं दुखावणं चुकीचं नसतं. त्या हप्त्यांसाठी त्यांनी वीस वर्षं जुनी स्कूटर बदलली नाही. आईचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षावर ढकललं. दिलेला शब्द पाळायला काहीतरी सोडावं लागतं, आणि सोडणाऱ्याला ते कोणाला तरी दिसावं असं वाटतंच. ‘तुमचा पगार चालू होता’ एवढं म्हणून ते सगळं पुसता येत नाही.

पण काकांना नेमकं काय मिळालं? त्या रात्री मी हिशेब मांडला. बारा लाख बाकी, आठ टक्के व्याज, पंधरा वर्षं उरलेली. हप्ता येतो ११,४६८ रुपये. सहा महिने काही भरलं नाही तर ४८,८०७ रुपये मुद्दलात चढतात. हप्ता तोच ठेवला तर १८० च्या जागी सुमारे १९५ हप्ते भरावे लागतात आणि कर्ज जवळपास २१ महिन्यांनी लांबतं. म्हणजे दीड लाखाहून जास्त रक्कम. ती पंधरा वर्षांनंतर द्यायची आहे, पैसा उशिरा देण्यालाही किंमत असते, हे सगळं मान्य. तरी त्यातून सरकारने उचललेला भाग होता ८०७ रुपये.

त्या आठशेवरून दोन घरांतलं बोलणं महिनाभर तुटलं होतं.

आमच्या भागात हे भांडण नवं नाही. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात वाढलेल्या प्रत्येकाने कर्जमाफीवरून असं भांडण ऐकलेलं असतं. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचं थकीत पीककर्ज पूर्ण माफ झालं, त्यावरच्यांना एकरकमी भरल्यास पंचवीस टक्के सूट. विदर्भातली कोरडवाहू सात एकर पश्चिम महाराष्ट्रातल्या ओलिताच्या तीन एकरांइतकंही देत नाही, पण सातबाऱ्यावर ती जास्त दिसते. २०१७ च्या माफीत दीड लाखापर्यंत, २०१९ च्या माफीत दोन लाखांपर्यंत. दर वेळी पारावर एकच वाक्य: ‘ज्यानं भरलं तो येडा.’ सरकारलाही ते ऐकू गेलं असावं. २०१७ मध्ये नियमित फेडणाऱ्यांना पंचवीस हजारांपर्यंत, आणि पुढच्या योजनेत पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम ठेवली गेली.

ही प्रोत्साहनाची कल्पना मला बरीच वर्षं न्याय्य वाटत होती. आता तेवढी वाटत नाही. अडचणीत असलेल्याला आणि नसलेल्याला सारखं द्यायचं ठरवलं की दोघांच्या वाट्याला थोडं थोडं येतं. काकांची अडचण आठशेने सुटली नाही आणि बाबांचा मान चारशेने राखला गेला नाही.

पुढे मी पुण्यात फ्लॅट घेतला, कर्ज काढून. पहिल्या वर्षी आयकराचं विवरण भरताना एक आकडा दिसला. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या कर्जावरचं दोन लाखांपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा होतं. तीस टक्क्यांच्या पट्ट्यात असलेल्या माणसाचा वर्षाला साठ हजारांचा कर वाचतो, वरचा उपकर वेगळा. मी अडचणीत नव्हतो. माझं काही उभं राहिलं नव्हतं. हे साठ हजार दर वर्षी मिळतात, त्यासाठी कुठे रांग नाही, यादी नाही, पेपरात बातमी नाही. मला कोणी विचारलं नाही की तू स्वतःच्या ऐपतीत घर का नाही घेतलंस.

सरकारने सोडलेला रुपया आणि सरकारने दिलेला रुपया तिजोरीला सारखाच पडतो. पण माझ्या रुपयाचं नाव ‘सवलत’ आणि शेतकऱ्याच्या रुपयाचं नाव ‘माफी’. माफी म्हटलं की आधी गुन्हा झालेला असतो. ‘सवलत’ या शब्दात मान खाली घालावी लागत नाही.

मग मी इतर आकडेही बघायला लागलो. पंतप्रधान आवास योजनेत शहरी गृहकर्जावर व्याज अनुदान होतं. वर्षाला बारा ते अठरा लाख कमावणाऱ्या कुटुंबालाही ते साधारण २ लाख ३० हजारांपर्यंत मिळत होतं. हा मध्यम उत्पन्न गटाचा भाग मार्च २०२१ मध्ये बंद झाला. त्याच नावाच्या ग्रामीण योजनेत, सपाट प्रदेशातल्या बेघर किंवा कच्च्या घरातल्या कुटुंबाला घर बांधायला मिळतात १ लाख २० हजार. शौचालयाचे आणि रोजगार हमीच्या मजुरीचे वेगळे धरले तरी अंतर राहतंच. ज्याला बँक कर्ज देते त्यालाच व्याजाचं अनुदान, म्हणजे मदत कर्जाच्या मापाने मोजली गेली, गरजेच्या मापाने नाही. बाबांना चारशे आणि काकांना आठशे मिळाले तेही याच मापाने. कर्ज लहान, मदत लहान. अडचण किती, हे कोणी विचारलंच नव्हतं.

आणि आमच्याच लेआउटमध्ये, मागच्या गल्लीत, एक भाड्याचं कुटुंब होतं. नवरा वर्ध्याच्या हॉटेलात कामाला. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने एप्रिल २०२० मध्ये घरमालकांना तीन महिने भाडं पुढे ढकलायला सांगितलं, पण न ऐकणाऱ्या घरमालकापुढे भाडेकरूच्या हातात काही नव्हतं. जूनमध्ये ते कुटुंब निघून गेलं. त्यांच्या खात्यात काही जमा व्हायचा प्रश्नच नव्हता. त्यांनीही साबणावर, बिस्किटाच्या पुड्यावर कर भरलेला असतो. त्यातून काकांचं घर वाचवायचं, जे उद्या काकांच्या मुलाची मालमत्ता होणार आहे, हे त्यांनी का मान्य करावं? बाबांच्या प्रश्नापेक्षा मला हा प्रश्न अवघड वाटतो.

याचं एक उत्तर ब्रिटनमध्ये सापडलं. तिथे उत्पन्न बुडालेल्या घरमालकांच्या गृहकर्जाचं व्याज सरकार काही प्रमाणात भरायचं, मदत म्हणून. एप्रिल २०१८ पासून त्याचं कर्ज केलं. सरकार आजचं व्याज भरतं, त्याची नोंद घरावर राहते आणि घर विकलं किंवा मालकी बदलली की ते व्याजासह परत घेतलं जातं. तिथे यावर टीकाही झाली. अडचणीतल्या माणसावर आणखी एक कर्ज, असं म्हटलं गेलं. ती टीका मला कळते. माझ्या मते व्याजाचा भाग तरी सोडायला हवा. पण मूळ कल्पना मला पटते. माणूस घरात राहील एवढं सरकारने बघावं, ते घर त्याला बक्षीस देऊ नये. काकांना दर महिन्याला आठ हजारांचं व्याज सहा महिने कोणी भरून दिलं असतं आणि घर विकताना तेवढं परत घेतलं असतं, तर त्यांची २१ महिन्यांची शिक्षा सहा महिन्यांवर आली असती. भाडेकरूचा रुपया तिजोरीत परत आला असता. आणि बाबांपेक्षा काकांच्या पदरात काही जास्त पडलं नसतं, वेळेखेरीज.

ते अठ्ठेचाळीस हजार होतात. माझ्या एका वर्षाच्या सवलतीपेक्षा बारा हजारांनी कमी. आणि माझ्याकडून परत कोणी काही मागणार नाही.

मागच्या दिवाळीत घरी गेलो होतो. काकांची व्हॅन पुन्हा सुरू आहे, कर्जही सुरू आहे. संध्याकाळी दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून कापसाच्या भावाबद्दल बोलत होते, दोघांचीही शेती नसताना. रात्री जेवताना मी बाबांना माझ्या साठ हजारांबद्दल सांगितलं. ते घास हातात धरून थांबले.

“दर साली?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“अन् आमी चारशे-आठशेवरून भांडलो.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “तुनं त कदी सांगतलंच नाही.”

खरं होतं. सांगावं असं मला कधी वाटलंच नव्हतं. ते पैसे मला माझेच वाटत होते.