डोक्यावरचा टोप, तारेवरचा आकडा

राजकुमार तांगडे हे जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ या गावचे शेतकरी आणि नाटककार. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये झाला, ते हेच गाव. तांगडे यांच्या नाटकांची भाषा, माणसे आणि भांडणे याच परिसरातली आहेत. विचार मांडण्याची त्यांची रीतही शेतकऱ्याची आहे: हाती धरता येईल अशी एखादी वस्तू घ्यायची आणि तिच्याभोवती नाटक उभे करायचे.

‘आकडा’ हे त्यांचे नाटक वीजचोरीवर आहे. खेड्यात आकडा म्हणजे टोक वाकवलेली तार. काठीने ती वरच्या लाइनवर अडकवली की मोटार सुरू होते. लाइनमन येताना दिसला की तितक्याच घाईने ती उतरवली जाते. सरकारी कागदावर मात्र आकडा म्हणजे संख्या: थकबाकीची, उत्पन्नाची, अनुदानाची. शेतकऱ्याच्या बांधावर हे दोन्ही अर्थ एकमेकांना भिडतात. गरज कुठे संपते आणि चोरी कुठे सुरू होते, हा प्रश्न भाषणापेक्षा त्या वाकड्या तारेतून अधिक नेमका कळतो.

‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे तांगडे यांनी लिहिलेले नाटक २०१२ मध्ये रंगभूमीवर आले. संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. नटसंचात जालना भागातली शेतकरी मुले होती. इथली वस्तू म्हणजे शिवाजी महाराजांचा टोप. तो बसेल असे डोके शोधत यम पृथ्वीवर येतो. त्या शोधात महाराजांच्या नावाचे राजकारण आणि त्यांची रयतेची दृष्टी यांतले अंतर उघडे पडते. जयंतीचा जल्लोष करणारी डोकी पुष्कळ. टोपाच्या मापाचे डोके मिळणे अवघड.

नाटकाच्या नावात मराठी, इंग्रजी आणि उर्दू शब्द शेजारी नांदतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे ‘मोहल्ला’ हा उर्दू शब्द जालन्याला परका नाही. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांसमोरही हे नाटक मराठवाडी बोलीतच उभे राहिले. शहरात जाण्यासाठी बोली धुऊनपुसून घ्यावी लागते, हा जुना समज त्याने खोटा ठरवला. तार आणि टोप खेड्यात आणि शहरात, दोन्हीकडे ओळखीचे असतात. त्यांच्याबरोबर बोलीही आपोआप पोहोचते.